चाक बसलं, पण जमलं नाही: एका ऑफ-रोड आरसी ट्रकची दुरुस्ती

भाच्याने त्याचा आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा ट्रक टेबलावर ठेवला तेव्हा तो आधीपेक्षा दोन बोटं उंच दिसत होता. नवे टायर लावलेले, काळेकुळकुळीत, ट्रॅक्टरसारख्या तिरक्या जाड पट्ट्यांचे. "मामा, चाकं एकदम फिट बसली. पण गाडी बिघडली."

या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या वेळी मी सरळ मोटर खराब झाली असं धरून चाललो.

गाडी १/१० मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक, चारही चाकांना ड्राइव्ह. ब्रशलेस मोटर ३५०० केव्हीची (केव्ही म्हणजे बिनओझ्याने दर व्होल्टला मिनिटाचे फेरे), बॅटरी दोन सेलची, ७.४ व्होल्ट. मोटरवरचं पिनियन (छोटा गिअर) १३ दात्यांचं, त्याने फिरणारा मोठा स्पर गिअर ५४ दात्यांचा, पुढे आतल्या गिअरचं प्रमाण २.८५. मूळ टायर ११० मिलिमीटर व्यासाचे, वर्षभर फिरवून मधले दाणे पार गुळगुळीत झालेले. टायर बदलायला हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. भाच्याने रिमवर चिकटवून तयार आलेला २.८ इंची रिमचा मॉन्स्टर ट्रकचा संच घेतला. टायरचा व्यास १२७ मिलिमीटर. पाकिटावर '१२ मिमी हेक्स' असं लिहिलेलं (हेक्स म्हणजे अॅक्सलवरचा षट्कोनी तुकडा, ज्याच्यावर रिम बसते), त्याच्या गाडीलाही १२चाच हेक्स. ते एक माप जुळलं म्हणून बाकीचं जुळेलच, असा त्याचा हिशोब.

तक्रारी एकेक करून बाहेर आल्या. पूर्ण वळण घेतलं की पुढचं चाक बंपरला घासतं आणि बॉडीची कड चाटतं. पाच-सहा मिनिटांत गाडी थांबते, जरा वेळाने आपोआप पुन्हा चालते. वळताना मधूनच सगळंच क्षणभर मेल्यासारखं होतं: ना स्टिअरिंग, ना मोटर. आणि उजवं मागचं चाक डुगडुगतं. शिवाय एक गोष्ट त्याने आधी सांगितलीच नव्हती. स्टिअरिंग जड झालं म्हणून त्याने मधल्या काळात २५ किलोचा नवा सर्व्होही (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) बसवला होता.

मी मोटरचा शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, बेअरिंगची खरखर नाही. स्लिपर क्लच (जास्त झटका आला की घसरणारा क्लच) फार आवळलाय का पाहिलं, तोही ठीक. मग मला सुचायला हवं होतं ते सुचलं: जुनी झिजलेली चाकं पुन्हा लावून गाडी पळवली. आठ मिनिटांनी इन्फ्रारेड थर्मामीटरवर मोटर ६२ अंश. एकदाही थांबली नाही, एकदाही मेली नाही. नवी चाकं लावली, त्याच मैदानावर सहाव्या मिनिटाला मोटर ९१ अंश आणि ईएससीने (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) स्वतःला वाचवायला पुरवठा तोडला. म्हणजे मोटर निरोगी होती. दुखणं चाकांबरोबर आलं होतं.

मोजायला बसलो

व्हर्निअर, पोलादी पट्टी आणि वजनाचा छोटा काटा एवढंच लागलं. आधी वजन. जुनं चाक टायर-रिमसकट १३८ ग्रॅम, नवं २१४. व्यास ११०चा १२७ झाला, म्हणजे साडेपंधरा टक्क्यांची वाढ. ऐकायला फार वाटत नाही. पण चाकाला फिरतं करायला किती जोर लागतो हे वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग या हिशोबाने वाढतं. वजन दीडपटीहून थोडं जास्त, त्रिज्येचा वर्ग १.३३ पट, गुणाकार दुपटीच्या जरा वर जातो. प्रत्येक वेळी थ्रॉटल दाबला की मोटर दुप्पट जडत्वाची चार चाकं ओढून फिरती करत होती, आणि ब्रेक दाबला की तेवढाच झटका ड्राइव्हशाफ्ट आणि डिफच्या (डिफरन्शियल, दोन बाजूंना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) दात्यांवर येत होता.

दुसरा हिशोब गिअरचा. टायर हा गाडीतला शेवटचा गिअर आहे, फक्त त्याला दाते नाहीत म्हणून तो तसा वाटत नाही. ५४ भागिले १३ गुणिले २.८५ केलं की ११.८४ येतात, मोटर तेवढे फेरे घेते तेव्हा चाक एकदा फिरतं. जुन्या टायरचा घेर साधारण ३४६ मिलिमीटर, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्याला गाडी २९.२ मिलिमीटर पुढे जाते. नव्या टायरवर हाच आकडा ३३.७ होतो. पिनियनला हात न लावता गाडीला १३च्या जागी १५ दात्यांचं पिनियन लावल्यासारखं झालं. कागदावर वेग ताशी ४५ वरून ५२ किलोमीटरवर गेला, आणि भाच्याला पहिल्या दिवशी "गाडी काय सुटते!" असं वाटलं ते खोटं नव्हतं. फक्त जमिनीवर तेवढाच रेटा द्यायला मोटरला साडेपंधरा टक्के जास्त करंट ओढावा लागत होता, आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. तीही ३३ टक्क्यांनी वर गेली, दुप्पट जडत्वाचा भार वेगळाच. साध्या दर्जाचं निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचं अशक्त व्हायला लागतं. मोटरमध्ये बहुधा वरच्या दर्जाचं चुंबक असतं, पण मी ८०ला थांबतो. ९१ वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

तिसरं माप ऑफसेटचं, आणि हे फार कमी लोक घेतात. रिम टेबलावर उताणी ठेवायची, आतली बाजू वर. कडेवर पट्टी आडवी टाकायची आणि पट्टीपासून हेक्स जिथे टेकतो तिथपर्यंतची खोली मोजायची. नव्या रिमची ही खोली जुनीपेक्षा १० मिलिमीटर कमी निघाली. म्हणजे चाक प्रत्येक बाजूला १० मिलिमीटर बाहेर उभं होतं. बाहेर उभं राहिलेलं पुढचं चाक वळताना आपल्या खुंट्याभोवती मोठं वर्तुळ काढतं. त्यात व्यासही मोठा. बंपर आणि बॉडीला ते घासणारच. शॉर्ट कोर्स प्रकारात तर हे ठरलेलंच. २००८मध्ये ट्रॅक्ससच्या स्लॅशने हा प्रकार घराघरांत नेला, त्याची ओळखच ही की बॉडी चाकांना झाकून घेते, खऱ्या शर्यतीच्या ट्रकसारखी. उघड्या चाकांच्या मॉन्स्टर ट्रकला जी मोकळीक असते ती इथे नाही. नवीन चाक घेताना १२चा हेक्स पाहिला, पण ते चाक दुसऱ्या जातीच्या गाडीचं होतं.

बाहेर सरकलेल्या चाकाचा दुसरा त्रास दिसत नाही. चाक दगडाला आपटलं की तो धक्का आता लांब तरफेने स्टिअरिंगला आणि बाहेरच्या बेअरिंगला बसतो. म्हणून स्टिअरिंग जड झालं. त्यावर भाच्याने सर्व्हो बदलला: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जुना ६ किलोचा सर्व्हो काढून २५ किलोचा बसवला. इथे किलो म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या दांड्यावर सर्व्हो किती वजन पेलतो ते. पण सर्व्होला वीज ईएससीतलं बीईसी पुरवतं, आणि या ईएससीचं बीईसी ६ व्होल्ट, ३ अँपिअरचं. एवढ्या ताकदीचा सर्व्हो अडकून ताणला गेला की त्याहून बराच जास्त करंट मागू शकतो. बीईसी तो देऊ शकत नाही, व्होल्टेज बसतं, आणि त्याच तारेवर जगणारा रिसिव्हर (रिमोटचे संदेश पकडणारा भाग) बंद पडून पुन्हा जागा होतो. 'गाडी मेली' ते हेच. जुना सर्व्हो परत लावला आणि हा दोष तिथल्या तिथे गेला. त्याचं नशीब की दोन्ही सर्व्होंच्या शाफ्टला २५ दाते होते, म्हणून मूळ सर्व्हो सेव्हर (सर्व्होला धक्क्यापासून वाचवणारा दांडा) बसला. फुटाबाच्या सर्व्होंचे २५, सान्वा-जेआरचे २३, हायटेकच्या बऱ्याच सर्व्होंचे २४ दाते असतात. दिसायला सारखेच, आणि चुकीचा दांडा जोर लावून ठोकला की त्याचे दाते खरवडले जातात.

डुगडुगणारं चाक

हे चाक मी सगळ्यात शेवटी उघडलं आणि त्यातच सगळ्यात जास्त शिकलो. नट पान्याने हलवला तर तो सैल वाटला नाही, पण तो नुसता आवळल्याचा भास होता. चाक हाताने धरून वर-खाली केलं की आतून कट-कट आवाज. काढून पाहिलं तर हेक्सचे सहा कोपरे गोल झालेले, प्लॅस्टिकचा पांढरा भुसा अॅक्सलवर चिकटलेला. हेक्सला अॅक्सलशी जोडणारी आडवी पिन शाबूत, पण तिच्या खाचेच्या कडा उमललेल्या.

कारण नटात होतं. हा नायलॉनचं कडं असलेला लॉक नट. त्याचं काम तेव्हाच होतं जेव्हा अॅक्सलचे आटे त्या कड्यातून पार होऊन टोकाचा किमान एक आटा बाहेर दिसतो. नव्या रिमचा मधला भाग जुन्यापेक्षा जाड. नट लावला तेव्हा अॅक्सलचं टोक नटाच्या आतच राहिलं, नायलॉनला पोचलंच नाही. पान्याला घट्ट लागला म्हणून भाच्याने सोडून दिलं. दोन धावांत थरथरीने नट अर्धा फेरा मागे गेला, रिम हेक्सवर खेळायला लागली, आणि पोलाद-प्लॅस्टिकच्या या भांडणात हेक्स हरला. बाकीच्या तीन चाकांचीही तीच स्थिती होती, फक्त त्यांचा नंबर अजून लागला नव्हता.

मधल्या काळात त्याने आणखी एक प्रयोग केलेला निघाला. पुढे घासतंय ना, मग पुढे जुनी चाकं, मागे नवी. फक्त मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीला हे चाललं असतं, चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या या गाडीला नाही. हिच्या मधल्या शाफ्टवर डिफरन्शियल नाही. पुढचे आणि मागचे डिफ एकाच दांड्याने फिरतात. मागचं चाक एका फेऱ्यात साडेपंधरा टक्के जास्त अंतर कापतं, पुढचं तेवढं कापू शकत नाही, आणि हा फरक कुठे तरी घसरून भरून काढावाच लागतो. भुसभुशीत मातीत टायर घसरून निभतं. कडक जमिनीवर सगळा ताण शाफ्टमध्ये पिळ्यासारखा भरतो. दोन बॅटऱ्यांतच त्याने ते बंद केलं हे बरं.

काय पर्याय होते

एक म्हणजे नवी चाकं ठेवायची आणि गाडी त्यांच्याजोगी करायची. पिनियन १३चं ११ केलं की प्रमाण १३.९९ होतं आणि मोटरच्या एका फेऱ्याला २८.५ मिलिमीटर, म्हणजे मूळ आकड्याच्या जरासं खालीच. १२ दात्यांना ३१.१ येतात; मला एवढ्या जड चाकांवर ते नको होतं. शिवाय धातूचे हेक्स, बॉडीच्या कमानी कापणं, आणि मोठ्या सर्व्होसाठी वेगळं बीईसी. भाच्याच्या एका मित्राने १२चा हेक्स १७चा करणारे अॅडॅप्टर सुचवले, १/८ मापाची चाकं बसवता येतील म्हणून. ते मी ऐकूनच सोडलं. अॅडॅप्टर चाक आणखी बाहेर ढकलतो, आणि आपलं अर्धं दुखणं चाक बाहेर असण्याचंच होतं.

दुसरा पर्याय मूळ मापाच्या रिमवर नवे शॉर्ट कोर्स टायर चढवायचे. इथे एक सापळा आहे. या रिमचं माप २.२/३.० असं लिहितात, कारण टायर जिथे बसतो ती खाच बाहेरच्या बाजूला २.२ इंचांची आणि आतल्या बाजूला ३.० इंचांची असते. नुसता '२.२' लिहिलेला टायर बग्गीचा किंवा क्रॉलरचा असतो; तो एका बाजूला बसेल, दुसरीकडे कधीच नाही. मागच्या चाकांनीच पळणारा ट्रक असेल तर आणखी एक बघायचं: काही गाड्यांच्या पुढच्या चाकाला हेक्स नसतो, बेअरिंग थेट रिममध्ये बसतात, आणि पुढच्या-मागच्या रिमचा ऑफसेटही वेगळा असतो.

निवड मी मापांवरून नाही, मैदानावरून केली. खरं तर सुरुवातच तिथून व्हायला हवी होती. गाडी जिथे पळते ती जमीन दाबून कडक झालेली, वर बारीक खडीचा आणि धुळीचा पातळ थर, कडेला थोडं गवत. ट्रॅक्टरसारख्या पट्ट्या चिखलासाठी असतात: मऊ मातीत रुततात, फिरताना चिखल बाहेर फेकतात. कडक जमिनीवर त्या रुतत नाहीत, टायर पट्ट्यांच्या टोकांवर उभा राहतो, जमिनीला लागणारं रबर मूठभर. उंच सुट्या दाण्यांचे टायर भुसभुशीत मातीला चांगले, कडक जमिनीवर दाणे मुडपतात आणि लवकर उडतात. आम्ही बुटक्या, दाट दाण्यांचा टायर घेतला. धुळीचा थर फोडून खालची कडक जमीन पकडायला तो बरा. रबर मध्यम मऊ. अगदी मऊ रबराची पकड जास्त असते हे खरं, पण खडीवर ते खोडरबरासारखं झिजतं. आत फोम बंद छिद्रांचा, कारण उघड्या छिद्रांचा फोम पाणी पितो आणि मग चाक एका अंगाने जड होतं.

जुन्या रिम वाचवायच्या होत्या. टायर सायनो ग्लूने चिकटवलेले. अॅसिटोन मी वापरलं नाही, कारण रिमचं प्लॅस्टिक कोणतं ते माहीत नव्हतं आणि एबीएस असेल तर अॅसिटोन ते विरघळवतं. एका टाकाऊ भांड्यात दहा-पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवले, मग जाड हातमोजे घालून कडेवरून अंगठ्याने सोलत गेलो. गोंद कटकट आवाज करत सुटतो. फोम भिजून गेलाच, तो तसाही झिजला होता.

नवे चढवताना चूक माझी झाली. साच्यातून सुटावा म्हणून कारखान्यात साच्याला जो तेलकट थर देतात तो नव्या रबरावर राहतो, आणि त्याच्यावर गोंद धरत नाही. तीन टायर साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. चौथ्याच्या वेळी घाई केली. तो पहिल्याच धावेत आतल्या बाजूने सुटला आणि फोम जिभेसारखा बाहेर आला. दुसऱ्यांदा नीट केलं: फोम आत घालून कुठे सुरकुती नाही हे बोटाने चाचपून पाहायचं, टायरची कड खाचेत सगळीकडे बसली की नाही ते रिम फिरवून बघायचं, बाहेरून रबर बँड घालायचा. मग कड अंगठ्याने जराशी मागे ओढून पातळ गोंदाचा एकच थेंब. आधी चार जागी, मग मधल्या जागा. बाजू सुकली की दुसरी. खिडकी उघडी आणि तोंड लांब ठेवायचं, त्या गोंदाच्या वाफेने डोळे झोंबतात.

हेक्स चारही बदलले, या वेळी अॅल्युमिनियमचे, आणि नटही नवे. प्रत्येक चाकावर आटा बाहेर दिसतोय हे भाच्याने स्वतः पाहिलं.

निकाल

नव्या शॉर्ट कोर्स टायरवर, १३चंच पिनियन, आठ मिनिटांनी ६४ अंश. घासणं नाही, रिसिव्हर मरणं नाही. वळणावर पकड जुन्या झिजलेल्या टायरपेक्षा तर सोडाच, त्या पट्टेवाल्या टायरपेक्षाही स्पष्ट जास्त. आधी जिथे मागचा भाग सुटायचा तिथे आता थ्रॉटल धरून वळता येतं.

पण मोठी चाकं त्याला टाकवेनात, आणि कडेच्या उंच गवतात ती खरंच चांगली चालतात हे मलाही मान्य करावं लागलं. तिथे शॉर्ट कोर्सचं पोट गवतावर अडतं. म्हणून ११ दात्यांचं पिनियन आणलं. पिनियनचीही जात पाहावी लागते: हा स्पर ३२ पिचचा (पिच आणि मॉड्यूल ही दात्यांच्या आकाराची मापं), त्याच्यावर ०.८ मॉड्यूलचं चालून जातं कारण दोन्ही जवळजवळ सारखे, ४८ पिचचं मात्र अजिबात नाही. मोटरचा शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा, ५चं भोक चालणार नाही. लहान पिनियन म्हणजे मोटर स्परकडे सरकवावी लागते. दोन्ही दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून मोटर दाबली, स्क्रू आवळले, पट्टी फिरवून काढली. मोठ्या चाकांसाठी त्या रिमच्या जाड मधल्या भागाला पुरतील असे लांब आट्यांचे अॅक्सल मिळाले नाहीत, म्हणून रिमच्या आतल्या बाजूने हेक्सच पातळ जाडीचे लावले. चाक त्यामुळे दीड मिलिमीटर आत आलं आणि नटाला नायलॉन मिळालं. बॉडीच्या पुढच्या कमानी त्याने स्वतः कापल्या, जरा वाकड्याच. सहा मिनिटांनंतर मोटर ७४ अंश. सहा मिनिटं ही त्या चाकांची मर्यादा ठरवली.

मोठ्या चाकांवर जुन्या ६ किलोच्या सर्व्होचं वळण अजून सुस्त आहे. स्वतंत्र बीईसी येईपर्यंत २५ किलोचा सर्व्हो डब्यात. तीन सेलची बॅटरी कधी लावायची, हे भाचा रोज विचारतो, ११.१ व्होल्टवर १३चं पिनियन आणि लहान चाकं यांचा हिशोब कागदावर ताशी ६८ किलोमीटर निघतो, आणि त्या फेऱ्यांना टायर फुगून गोंदाची कड पुन्हा सुटू शकते. आधी पिनियन उतरवायचं, मग बोलू, असं सांगून ठेवलंय. उजव्या मागच्या अॅक्सलमधलं पिनचं भोक किंचित लांबट झालेलं आहे आणि तिथली बाहेरची ५ × ११ × ४ची बेअरिंग बोटावर फिरवली की खरखरते. पुढच्या वेळी गाडी उघडली की दोन्ही बदलायचे आहेत.